चौकडी म्हणजे नक्की काय? चौक, चौघे, चतुष्टय, गंडा वगैरे

पाटीपेन्सिल (धागालेखक)

'चौकडी'वर इथे तुकड्या-तुकड्यांनी बरंच लिहून झालंय, पण एका जागी काही नाही. म्हणून हा धागा.

चारांच्या गटाला मराठीत शब्द उदंड आहेत: चौकडी, चौघे, चौक, चतुष्टय, चतुष्क, जुन्या हिशोबातला गंडा. ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'चौघे बैल' म्हटलं की कान टवकारतात, आणि 'अंतःकरणाची चौकडी' म्हटलं की हसू येतं. तर 'चौकडी' आली कुठून, तिच्यातला 'डी' कसला, आणि तिला वाईट वास कधीपासून येतो, हे जाणकारांनी लिहावं. दाते-कर्वे कोशात (१९३२ ते १९३८) काय आहे ते सगळ्यांना उघडून बघता येतं, तेवढंच उतरवून काढू नये ही विनंती.

वर्णविचार

मूळ संस्कृत 'चतुष्क'. त्याचं पालीत 'चतुक्क', प्राकृतात 'चउक्क' आणि मराठीत 'चौक'. दोन नियम लक्षात ठेवले की पुरे. दोन स्वरांमधला एकटा 'त' प्राकृतात गळतो, म्हणून 'चतु'चं 'चउ' आणि पुढे 'चौ'. आणि 'ष्क'सारखं जोडाक्षर सारखं होऊन 'क्क' बनतं, मराठीत त्यातला एक क उरतो. याच वाटेने चतुर्थ, चउत्थ, चौथा. चतुर्दश, चउद्दह, चौदा. चतुरस्र, चउरस्स, चौरस. हा शेवटचा नीट पाहा. 'अस्र' म्हणजे कोपरा. 'चौरस आहार'मध्ये चार रस शोधणाऱ्यांनी तो नाद सोडावा.

एकटा 'चार' मात्र निराळ्या वाटेने आला, 'चत्वारि'मधून 'चत्तारि' होत. म्हणून सुटा आकडा 'चार', पण समासात शिरला की 'चौ'. चौकोन, चौपदरी, चौफेर. 'चारकोन' कुणी म्हणत नाही. 'चारोळी' (कवितेची) आणि 'चारचाकी' ही अलीकडची घडण, म्हणून तिथे 'चार' तसाच राहिला. शब्द जुना की नवा हे ओळखायची ही साधी खूण. शंभरात ऐंशी वेळा बरोबर येते.

सावळागोंधळ

'चौकडी' म्हणजे सरळसरळ चौ + कडी नाही का? चार कड्या एकमेकींत अडकवलेल्या. गटाला शोभेलही.

वर्णविचार

शोभतं खरं, आणि घोटाळा तिथेच होतो. अर्थ जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही. हा शब्द जिथे जिथे वापरतात तिथे कडी बसते का बघा. कापडावरची चौकडी म्हणजे आडव्या-उभ्या रेघांनी पडलेले चौकोन. युगांची चौकडी म्हणजे चार युगं मिळून एक फेरा. हरणाने भरलेली चौकडी म्हणजे चारही पाय उचलून घेतलेली झेप. यांतल्या एकातही कडी नाही, 'चौक' मात्र तिन्हींत आहे.

'डी' हा अपभ्रंशातला स्वार्थी प्रत्यय. स्वार्थी म्हणजे मूळ अर्थ न बदलणारा, मतलबी नव्हे. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात त्याची नोंद केली आहे, 'हिअडा' (हृदय + डा) असे शब्द त्यात आहेत. मराठीत हा प्रत्यय पोत्याने सापडतो: चर्म, चम्म, चाम, चामडे. अंत्र, आंत, आतडे. तसंच चौक, चौकडी. मोठं किंवा पुल्लिंगी रूप 'चौकडा'. पुरुषांनी कानात घालायचा चार मोत्यांचा दागिना, तो मोत्यांचा चौकडा.

पावकीनिमकी

चतुष्क आपण सगळ्यांनी शाळेत तोंडपाठ केलंय, फक्त कुणी सांगितलं नाही. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. तो 'चोक' म्हणजेच चतुष्क. 'त्रिक' तर संस्कृतातला जसाच्या तसा. 'पंचे'त पंचक आहे आणि 'सक'मध्ये षट्क. बे चोक आठ म्हणजे दोनाचे चौक धरले की आठ.

षट्क तर आपण रोज ऐकतो. क्रिकेटचं षटक, सहा चेंडूंचं. म्हणजे 'चौकडी', 'चोक' आणि 'षटक' एकाच पद्धतीने घडले: संख्या अधिक 'क'.

वर्णविचार

+१. 'सक'वर एक पुरवणी. प्राकृतात 'छक्क', मराठीत छ चा स होतो (छुरी, सुरी). म्हणून आकडा 'सहा' आणि पाढ्यात 'सक'. पत्त्यातली 'छक्की' आणि 'छक्के-पंजे'तला छ हिंदीकडून आला.

उंबरठा

'चौ'च्या घराण्यातला माझा आवडता शब्द 'चौकट'. हा चौकापासून आलेला नाही, 'चतुष्काष्ठ' म्हणजे चार लाकडं, त्यापासून. हिंदीत 'चौखट'. तिथला ख त्या 'ष्ठ'चा अवशेष दिसतो, मराठीत तोही गेला.

चार लाकडं शब्दशः घ्यायची. दोन उभ्या बाह्या, खाली उंबरा, वर गणेशपट्टी. उभ्या लाकडाचं टोक तासून बारीक करायचं आणि आडव्याच्या भोकात बसवायचं. आडवी लाकडं उभ्यांच्या बाहेर थोडी काढून ठेवायची, ती टोकं भिंतीत गाडली की चौकट हलत नाही. उंबरा नुसता ओलांडायला नसतो. खालची दोन टोकं तो धरून ठेवतो. तो नसला आणि बांधकाम चालू असताना खाली तात्पुरती पट्टी ठोकली नाही, तर बाह्या खालून आत-बाहेर सरकतात आणि दार वरून घासतं, खालून फट राहते.

आता फ्लॅटमधल्या आतल्या दारांना उंबरा नसतो, लाकडं तीनच. तरी नाव चौकटच. शब्दातला आकडा असा मुका होतो.

सारीपाट

मुका झालेला आकडा म्हटल्यावर 'चौरंग' आणि 'शतरंज' हवेतच. दोघे सख्खे भाऊ.

'चतुरंग' म्हणजे चार अंगांचं. हत्ती, घोडे, रथ, पायदळ, ही चतुरंग सेना. त्यावरून पटावरच्या खेळाचं नाव चतुरंग. इराणात गेल्यावर 'चतरंग'. अरबीत च नाही, म्हणून 'शतरंज'. तिथून ते फिरून आपल्याकडे आलं. 'शत' म्हणजे शंभर असं समजून लोक शंभर चाली वगैरे अर्थ लावतात, तो साफ चुकीचा. पटावर घरं चौसष्ट, शंभराचा काही संबंध नाही.

हाच 'चतुरंग' घरी राहिला तो 'चौरंग' झाला, चार पायांचा. पूजेला मांडतो तो. आणि हातपाय तोडण्याची जुनी शिक्षा, तीही 'चौरंग करणे', कारण चार अंगं गेली. नाथपंथातल्या चौरंगीनाथांचं नाव अशाच शिक्षेच्या कथेतून आलंय.

जाता जाता: सारीपाटही चौकाचाच खेळ. चार पट्ट्या, प्रत्येकीवर तीन रांगा आठ-आठ घरांच्या, म्हणजे २४. एकूण घरं ९६. चार खेळाडू, प्रत्येकी चार सोंगट्या.

पाटीपेन्सिल

सुंदर. युगांच्या चौकडीचं कुणी लिहील का? १७ लाख, १२ लाख हे आकडे पाठ असतात, पण जोड कळत नाही.

औटघटका

कलियुग ४,३२,००० वर्षांचं. त्याची दुप्पट द्वापर (८,६४,०००), तिप्पट त्रेता (१२,९६,०००), चौपट कृत (१७,२८,०००). म्हणजे ४ : ३ : २ : १. बेरीज दहा भाग, ४३,२०,००० वर्षं. ही एक चौकडी.

अशा ७१ चौकड्यांचं एक मन्वंतर. ब्रह्मदेवाच्या एका दिवसात १४ मन्वंतरं, आणि तो दिवस १,००० चौकड्यांचा. इथे हिशोब करणारे अडतात, कारण ७१ × १४ = ९९४ येतात. सहा चौकड्या कुठे गेल्या? प्रत्येक मन्वंतराच्या शेवटी आणि सगळ्यांत आधी एक असे एकूण १५ संधिकाल धरतात, प्रत्येक एका कृतयुगाएवढा. कृतयुग म्हणजे चौकडीचे ४/१०. १५ × ४/१० = ६. जुळलं.

आणि 'चतुष्क' शब्द ज्यांना पुस्तकी वाटतो त्यांनी गणपतीच्या पूजेचा संकल्प कान देऊन ऐकावा: 'अष्टाविंशतितमे युगे युगचतुष्के कलियुगे प्रथमचरणे'. अठ्ठाविसावी चौकडी, तिच्यातलं कलियुग, त्याचा पहिला चरण. गुरुजी भरभर म्हणतात म्हणून 'चतुष्के' निसटतं.

सारीपाट

यात भर. ही चार नावं मुळात काळाची नाहीत, द्यूतातल्या डावांची आहेत. वैदिक काळच्या द्यूतात फासे म्हणजे बेहड्याची फळं. ढिगातून मूठभर उचलायची आणि चार-चार करून मोजायची. बाकी काही उरलं नाही तर 'कृत', सर्वांत चांगला डाव. तीन उरली तर 'त्रेता', दोन 'द्वापर', एक उरलं तर 'कलि', म्हणजे हरलात.

समजा २३ फळं उचलली. पाच चौक म्हणजे २०, बाकी ३. त्रेता. २५ असती तर बाकी १. कलि. छांदोग्य उपनिषदात रैक्वाच्या गोष्टीत हीच उपमा आहे: कृत जिंकलेल्याकडे खालचे डाव आपोआप जातात तसं.

म्हणजे चौकडी पूर्ण भरली की ते कृतयुग, आणि 'कलि' म्हणजे चौकात न बसलेलं उरलंसुरलं एक. वर्षांच्या प्रमाणात ४ : ३ : २ : १ का आहे तेही यातून उलगडतं.

सावळागोंधळ

हे माहीतच नव्हतं. कडी मागे घेतो.

कवडीमोजणी

चार-चार करून मोजणं हा व्यवहार होता, नुसता खेळ नाही. 'गंडा' तिथेच येतो. मोल्सवर्थच्या कोशात 'गंडा' म्हणजे चार कवड्यांचा किंवा चार पैशांचा गट. बंगालीत हा शब्द अजून चालतो, तिथलं जुनं कोष्टक असं: ४ कवड्या = १ गंडा, ५ गंडे = १ बुडी, ४ बुड्या = १ पण, १६ पण = १ काहन. म्हणजे पण ८० कवड्यांचा आणि काहन १,२८० चा.

आता भास्कराचार्यांची लीलावती (इ.स. ११५०) उघडा. सुरुवातीलाच 'वराटकानां दशकद्वयं यत् सा काकिणी': २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. नावं वेगळी, पण पण तोच ८० कवड्यांचा. बुडीच्या जागी काकिणी.

मोजायचं कसं? कवड्या एकेक उचलत नाहीत. हाताने चार-चार बाजूला सारायच्या, कारण चारांचा पुंजका डोळ्यांना न मोजता कळतो, पाच-सहाचा नाही. गंड्यांचे ढीग पाच झाले की एक खूण. ६७ कवड्या असतील तर १६ गंडे आणि ३ सुट्या, म्हणजे ३ बुड्या, १ गंडा, ३ कवड्या. चूक होते ती बुडीच्या पायरीवर. सगळा हिशोब चाराचा चाललेला असतो आणि मध्येच पाचाची एक पायरी येते. तिथे चार गंड्यांनाच खूण केली की दर बुडीमागे एक गंडा कमी पडतो, पणामागे १६ कवड्या.

खवचटराव

म्हणूनच 'गंडा घातला' म्हणतात वाटतं!

कवडीमोजणी

विनोद म्हणून ठीक. पण हे तीन वेगळे गंडे आहेत: मोजणीतला, फसवणुकीतला, आणि गुरू शिष्याच्या मनगटाला बांधतो तो दोऱ्याचा. आवाज एक म्हणून नातं एक असं नाही. मोजणीतल्या गंड्याबद्दल भाषाशास्त्रज्ञांनी मुंडा भाषाकुळाकडे बोट दाखवलंय, संथाळीसारख्या भाषांत चारांच्या मोजणीला तो आहे म्हणून. वीस या अर्थाच्या बंगाली 'कुडि'बद्दलही तेच म्हटलं जातं. आपली 'कोडी' (वीस नग) तिचीच बहीण.

शेरमापटे

धान्याची मापंही अशीच. २ निळव्यांचं १ कोळवं, २ कोळव्यांचं चिपटं, २ चिपट्यांचं मापटं, २ मापट्यांचा शेर, ४ शेरांची पायली. दुप्पट-दुप्पट चढत जायचं, म्हणजे दर दोन पायऱ्यांनी चौपट. चार चिपट्यांचा शेर, चार निळव्यांचं चिपटं.

नाण्यांतही तसंच: ४ पैशांचा आणा, १६ आण्यांचा रुपया, म्हणून जुना रुपया ६४ पैशांचा. १ एप्रिल १९५७ ला १०० नवे पैसे आले तेव्हा चार आणे २५ पैशांवर नेमके बसले, पण एक आणा ६ पैशांवर बसवताना पाव पैसा गळला. सोळा आणे सुटे-सुटे दिले तर ९६ च पैसे व्हायचे.

सापळा: 'चवली' ऐकून चार आणे समजू नका. चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची, अधेली आठ आण्यांची. जुन्या जमाखर्चाचं वाचन करणारे इथे हमखास दुपटीने चुकतात, कारण हिंदीत 'चवन्नी' चार आण्यांची आहे.

वर्णविचार

सापळ्यांची यादी वाढवतो. 'चतुर' (हुशार) याचा चाराशी संबंध नाही. खायची 'चारोळी' हीसुद्धा चार ओळींतली नव्हे. त्या झाडाचं नावच 'चार', तिचं बी ती चारोळी. चार ओळींची कविता नंतर त्या नावावर श्लेष करत आली. मुहूर्त बघायचा 'चौघडिया' मात्र खरोखर चार घटींचा, पण पुरता नाही. ४ घटी म्हणजे ९६ मिनिटं, आणि दिवसाच्या ३० घटींचे आठ भाग केले तर पावणेचार घटी, ९० मिनिटं. नाव गोळाबेरजेचं आहे.

पाटीपेन्सिल

आता वापराकडे येऊ. मजकूर तपासताना 'चौघे', 'चौकडी', 'चतुष्टय' यांची वाटणी कशी करावी?

काना_मात्रा

चौघे फक्त माणसांना. पुल्लिंगी चौघे, स्त्रीलिंगी चौघी, मिश्र गट असला तर चौघं किंवा चौघे जण. विभक्तीत चौघांना, चौघींना. 'चार बैल', 'चार खुर्च्या' हेच बरोबर. गोष्टीत बैल बोलायला लागले तर त्यांना खुशाल 'चौघे' म्हणा.

गंमत ही की ही मालिका चारावर थांबते. दोघे, तिघे, चौघे, आणि पुढे एकदम 'पाच जण'. पाचासाठी असं रूपच नाही. शिवाय 'चारचौघांत', 'चारचौघांसारखा', 'चार पैसे', 'चार शब्द' यांत चार म्हणजे नेमके चार नव्हेतच, थोडे किंवा काही. 'अध्यक्षांनी चार शब्द बोलावेत' म्हटल्यावर काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे.

चतुष्टय हा 'तय' प्रत्ययाचा शब्द. पाणिनीचं सूत्र 'संख्याया अवयवे तयप्'. अवयव शब्दावर बोट ठेवा. ज्याचे चार अवयव आहेत असं एक काहीतरी, ते चतुष्टय. म्हणून अंतःकरणचतुष्टय: मन, बुद्धी, चित्त, अहंकार, ही एकाच अंतःकरणाची चार अंगं. साधनचतुष्टय: विवेक, वैराग्य, शमादिषट्क, मुमुक्षुत्व. यांतलं एक काढलं तर उरलेलं लंगडं होतं. चौकडीतला एक जण सुटीवर गेला तर तिघांचं काही बिघडत नाही.

लिहिताना होणारी चूक: 'चतुष्ट्य'. ट ला य जोडायचा नाही, 'चतुष्टय'. मूळ 'तय' आहे, ष च्या शेजारी त चा ट झाला, बस.

संख्याशास्त्राचे अनुवाद करणाऱ्यांसाठी: 'चतुर्थक' आणि 'चतुष्क' यांची अदलाबदल करू नका. चतुष्क म्हणजे चार नगांचा एक गट. चतुर्थक म्हणजे क्रमाने लावलेल्या माहितीचे चार समान भाग पाडणाऱ्या खुणा, आणि त्या तीनच असतात.

नाइटवॉचमन

'चौकडी'ला वाईट वास येतो हे सरसकट खरं नाही. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांना 'फिरकीची चौकडी' कौतुकानेच म्हणतात. चौघे एकत्र एकाच कसोटीत खेळले, १९६७ ला एजबॅस्टनला. म्हणजे चौकडीला एकाच वेळी एका जागी असावं लागत नाही, एवढा पुरावा पुरे.

काना_मात्रा

वास 'चांडाळ'मुळे लागला. 'चांडाळचौकडी' हा जोडशब्द इतका घासला गेला की पुढचा भाग गळला तरी छटा मागे राहिली. दुर्योधन, दुःशासन, कर्ण, शकुनी यांना पोथ्यांत 'दुष्टचतुष्टय' म्हणतात, कीर्तनातून आणि बोलण्यातून तीच 'चांडाळचौकडी' झाली. गुन्ह्यांच्या बातम्यांनी उरलेलं काम केलं: दोघे पकडले तर 'दुक्कल', तिघे तर 'त्रिकूट', चौघे तर 'चौकडी', पुढे 'टोळी'. त्रिकूट म्हणजे खरं तर तीन शिखरांचा डोंगर. तोही बिचारा कोठडीत गेला.

'चांडाळ' हे जुन्या ग्रंथांत एका जातीचं नाव आहे, शिवी म्हणून वापरलेलं. आज लिहिताना ते टाळावं हे माझं स्पष्ट मत. 'दुष्टचतुष्टय' आहे, 'टोळकं' आहे, अडत काही नाही. आणि पाच जणांच्या गटाला 'चौकडी' मथळ्यात देऊ नये.

उंबरठा

तीन लाकडांची चौकट चालते, मग पाच जणांची चौकडी का नाही?

काना_मात्रा

चौकटीतलं चौथं लाकूड गेलं तरी तिची चौथी बाजू जमिनीच्या रूपाने तिथेच असते. पाचव्या माणसाला चौकडीत जागाच नाही.

लेझीम

एक अर्थ राहिला. पोवाड्याच्या आणि लावणीच्या कडव्यालाही 'चौक' म्हणतात. 'दुसरा चौक सुरू झाला' म्हणजे नवं कडवं. पण त्यात ओळी चारच असतील असं नाही, दहा-बारा ओळींचे चौकही सापडतात. हस्तलिखितावरून पोवाडा उतरवताना चार-चार ओळींवर चौक तोडायला जाऊ नका, धृपद फिरून येतं तिथे तोडा. पानाच्या कडेला बऱ्याचदा 'चौक २', 'चौक ३' असं लिहिलेलं असतं, ते आधी बघावं.

पाटीपेन्सिल

बारा ओळींचा चौक, तीन लाकडांची चौकट, दोन आण्यांची चवली. मूळ धाग्याच्या मथळ्यात 'नक्की' शब्द घातला होता, तो काढायचा विचार करतोय. मराठेशाहीतल्या 'चौथ' या वसुलीवर वेगळा धागा काढतो, कारण ते चारांचा गट नव्हे, चौथा हिस्सा आहे, आणि त्यात सरदेशमुखीचे दहा टक्के मिसळून पस्तीस कसे होतात तो हिशोब इथे मावणार नाही.

कवडीमोजणी

काढा. मोगल बादशहाने मराठ्यांना दिलेल्या १७१९ च्या सनदांपासून सुरू करा, आणि चौथ कशावर मोजायची, प्रत्यक्ष हाती आलेल्या वसुलावर की कागदावरच्या आकारणीवर, हे पहिल्याच प्रतिसादात ठरवून घ्या. भांडण तिथेच आहे.